पर्यटकाची संध्याकाळ आणि झाडीपट्टीची रात्र

चीनची सहल करून आलेल्या माणसाच्या छायाचित्रांत एक संध्याकाळ हमखास असते. भिंत पाहून झाली, राजवाडा पाहून झाला, की बीजिंगमधल्या नाही तर शांघायमधल्या एखाद्या प्रेक्षागृहातला कसरतींचा खेळ. एकाच सायकलीवर पिसारा फुलवावा तशा उभ्या राहिलेल्या दहा-बारा मुली, खुर्चीवर खुर्ची रचत छतापाशी पोहोचलेला तरुण, काठ्यांच्या टोकांवर गरगरणाऱ्या बशा. आमच्या एका सहाध्यापकांनी ही छायाचित्रे दाखवली, तेव्हा आम्हांला खेळापेक्षा त्या संध्याकाळच्या आखणीचे अधिक नवल वाटले. नेणारी बस ठरलेली, आसनक्रमांक ठरलेला, खेळ दीडेक तासात आटोपणारा, आणि जेवणाची वेळ न चुकता मुक्कामी परत. भाषा येण्याची अट नाही, कारण खेळात शब्दच नाहीत. प्रेक्षकाने फक्त येऊन बसायचे.

त्याच बैठकीत कोणीतरी सहज विचारले, आपल्याकडची अशी एक संध्याकाळ आखायची झाली तर कुठे जावे? उत्तर देताना आमची थोडी पंचाईत झाली. आम्ही चौघे मराठी नाट्येतिहास शिकवतो. ‘झाडीपट्टी रंगभूमी’ ही टीप प्रश्नपत्रिकेत घालतो आणि उत्तरपत्रिकेतल्या टिपेला गुणही देतो. चौघांपैकी एकानेही झाडीपट्टीतले नाटक झाडीपट्टीत बसून पाहिलेले नव्हते. चंद्रपूरला आम्ही जाऊन आलो होतो, पण ते ताडोबाचा वाघ पाहायला. सबब, येत्या हंगामात एक संध्याकाळ झाडीपट्टीची, असा बेत ठरला. तो बेत आम्ही ठरवला तसा पार पडला नाही. तो का पडला नाही याचा विचार करताना नाट्येतिहासाविषयीच काही गोष्टी नव्याने ध्यानात आल्या, म्हणून हे टिपण.

आरंभी त्या चिनी संध्याकाळविषयीच थोडे सांगितले पाहिजे, कारण ती आज दिसते तशी नेहमीच नव्हती. हबेई प्रांतातील वूछ्याओ हा परगणा चिनी कसरतींचे माहेर मानला जातो. जमीन नापीक, शेतीवर पोट भरत नाही. तेव्हा शेतीचे काम नसलेल्या महिन्यांत कुटुंबेच्या कुटुंबे खेळ घेऊन बाहेर पडत. म्हणजे ही कला मूळची शेतकऱ्याच्या मोकळ्या दिवसांची. रस्त्यावर रिंगण करायचे, खेळ दाखवायचा, मिळेल ते घेऊन पुढच्या गावी जायचे. हान राजवटीतल्या ‘शंभर खेळां’पर्यंत तिचे मूळ नेता येते हे खरे, पण दरबाराची कृपा कमीजास्त होत राहिली आणि पुढे कसरतपटू हा हलक्या दर्जाचा फिरस्ता मानला गेला. १९४९च्या क्रांतीनंतर हे पालटले. १९५० साली राष्ट्रीय पथक स्थापन झाले, चौ एन-लाय यांनी स्वतः त्यात लक्ष घातले, आणि या कलांना ‘झाजी’, म्हणजे ‘संमिश्र कौशल्ये’, हे एकच नाव रूढ झाले. पथक परदेशांत पाठवले गेले. फिरस्त्याला पगार, तालीमशाळा आणि प्रतिष्ठा मिळाली. पुढे दारे उघडली, पर्यटक आले, आणि तालीम तीच ठेवून प्रयोग पर्यटकाच्या घड्याळाला लावला गेला. १९८७ पासून वूछ्याओच्या नावाने आंतरराष्ट्रीय महोत्सव भरू लागला. शांघायमध्ये १९९९ साली सर्कशीसाठी प्रचंड वास्तू उभी राहिली. आमच्या मित्राने पाहिलेली संध्याकाळ ही या अर्ध्या शतकाच्या सरकारी निगराणीची परिणती होती.

आपल्याकडे याच काळात काय झाले, हे पाहिले की मन खट्टू होते. मराठीत उलटी उडी मारण्याला ‘कोलांटउडी’ म्हणतात. हा शब्द कोल्हाट्यांचा आहे. एका जमातीच्या अंगातले कौशल्य भाषेने उचलले आणि क्रियेचे नावच त्यावरून पाडले. दोरावर चालणारा डोंबारी, पोटावर बांबू तोलून त्याच्या टोकावर पोर चढवणारा बाप हे चित्र आमच्या पिढीने बाजाराच्या दिवशी पाहिलेले आहे. मुंबई राज्याने १९५९ साली भिक्षा प्रतिबंधक कायदा केला. त्यातल्या भिक्षेच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे अशा मिषाने मागणेही आले. विदर्भ तेव्हा त्याच द्विभाषिक राज्यात होता. एका देशाने १९५० साली रस्त्यावरच्या कसरतीला राष्ट्रीय कला म्हटले. दुसऱ्या देशातल्या एका राज्याने नऊ वर्षांनी तिला भिक्षेच्या व्याख्येत बसवले. चीनच्या राज्यकर्त्यांचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. तिथल्या तालीमशाळांत सहा-सात वर्षांच्या पोरांची शरीरे कशी वाकवली जातात हेही लिहिले गेले आहे. पण कोलांटउडी शब्दकोशात राहिली आणि कोल्हाटी, डोंबारी व्याख्येत अडकले, एवढे खरे.

झाडीपट्टीचे नाटक या दोन्ही वाटांनी गेले नाही. त्याला राज्याने उचलले नाही आणि गुन्ह्याच्या कलमातही घातले नाही. ते गावाकडेच राहिले. आमचा बेत कोसळला तो नेमका या कारणाने.

‘झाडी’ हे नाव जुने आहे; महानुभाव वाङ्मयात चक्रधरांच्या भ्रमणात ही भूमी येते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग असा हा प्रदेश. (गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला, त्याआधी तो सारा चंद्रपूर, आणि त्याआधीच्या कागदांत चांदा.) दाट जंगल, तळी आणि धान. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी ‘एचएमटी’ हे तांदळाचे वाण निवडून काढले ते याच मातीत. पावसाळा सरला, धान कापणीला आला, दिवाळी झाली, की भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते. मंडईत दंडार होते, खडी गंमत होते. दंडारीत नाच आहे, गाणे आहे, सोंग आहे आणि प्रसंग आहे. खडी गंमत ही तमाशाची या भागातली बहीण. तिच्यात शाहीर, डफ-तुणतुणे आणि बाईच्या वेषातला नाच्या. नाटक या दोघींच्या शेजारी वाढले. दंडारीतून थेट नाटक निघाले असे सरळ सांगण्याचा मोह अभ्यासकांना होतो. आम्हांला ते तितकेसे पटत नाही. मखमली पडदा, रंगवलेले राजवाडे आणि जंगले, पायपेटीची जागा घेणारा ऑर्गन, पदे आणि वन्समोअर हा सारा थाट फिरत्या संगीत नाटक मंडळ्यांचा आहे. पण तो थाट ज्या प्रेक्षकापुढे उभा राहिला त्याला रात्रभर बसण्याची, मध्येच बोलण्याची आणि गाण्यावर डोलण्याची सवय दंडारीने लावली होती. घर एकीचे आणि पाहुणचार दुसरीचा, असे काहीसे म्हणता येईल. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आणि दंडारीचा अभ्यास आयुष्यभर केला नसता, तर आमच्यासारख्यांच्या टिपेत एवढेही आले नसते.

आता बेताकडे वळू.

पहिला प्रश्न तारखेचा. आम्हांला रजा टाकायची होती, गाडीचे आरक्षण करायचे होते. जानेवारीतला एखादा शनिवार सोयीचा, असे आम्ही ठरवले आणि वडशाला चौकशी केली. वडसा म्हणजे देसाईगंज, वैनगंगेच्या काठचे गडचिरोली जिल्ह्यातले गाव; गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे स्थानक कित्येक वर्षे त्या जिल्ह्यातले एकमेव होते. रेल्वे आहे, बाजार आहे, म्हणून नाटक मंडळ्यांनीही इथेच ठाण मांडले. हंगामाच्या तोंडावर इथल्या गल्ल्यांत मंडळ्यांची कार्यालये उघडतात, नटनट्यांच्या चेहऱ्यांचे मोठाले फलक लागतात, आणि गावोगावची मंडळे नाटक ठरवायला येतात. आम्हीही तसेच गेलो. तिथल्या एका व्यवस्थापकांनी आमचे ऐकून घेतले आणि मोठ्या अदबीने विचारले, “गाव कोनतं तुमचं?”

आम्ही आमच्या शहराचे नाव सांगितले. त्यांना ते नको होते. नाटक कोणत्या गावी लावायचे आहे, हे ते विचारत होते. आम्हांला लावायचे नसून पाहायचे आहे, हे सांगितल्यावर ते घोटाळ्यात पडले. त्यांच्याकडे तारखा होत्या, त्या गावांना दिलेल्या. अमुक गावी अमुक रात्री अमुक नाटक, एवढे ते सांगू शकत. पण तिथले तिकीट, बसण्याची जागा, उतरण्याची सोय हे त्यांच्या हाती नव्हते. वडशाला नाटक विकत मिळते, नाटकाची रात्र मिळत नाही. ती ज्या त्या गावाची.

हा भेद पुस्तकात आम्ही वाचला नव्हता. पुण्यामुंबईच्या रंगभूमीत निर्माता नाटक बसवतो, नाट्यगृह भाड्याने घेतो आणि एकेका प्रेक्षकाला एकेक आसन विकतो. चिनी खेळाचेही तसेच. झाडीपट्टीत मंडळी नाटक गावाच्या मंडळाला देते आणि मंडळ शेतात किंवा गावाबाहेरच्या पटांगणात कनाती उभारून तिकिटे लावते. उरले तर मंडळाचे, बुडाले तर मंडळाचे. आणि गाव हा व्यवहार अंगावर घेते तो एखाद्या निमित्तानेच. पूर्वापार ठळक निमित्त शंकरपटाचे. दिवसा बैलजोड्यांची शर्यत, रात्री नाटक. पटाला लेकीबाळी माहेरी येतात, जावई येतात, सोयरे जमतात, लग्नाच्या गोष्टी निघतात. घरोघरी पंगती उठतात आणि रात्री सारे घर नाटकाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. २०२१च्या डिसेंबरात त्यांना अंतरिम परवानगी मिळाली आणि २०२३ साली घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या सात वर्षांत पट बंद पडला, पण नाटक बंद पडले नाही. मंडई होती, गावचा उत्सव होता, आणि काहीच नसले तरी पाहुणे बोलावण्याची रीत होती. नाटक बैलांसाठी नव्हते, पाहुण्यांसाठी होते, हे त्या बंदीने कळले असे म्हणायला हरकत नाही.

आमची अडचण अखेर एका जुन्या विद्यार्थ्याने सोडवली. त्याचे घर सिंदेवाही तालुक्यात. आमचा शनिवार त्याने ऐकूनच बाजूला ठेवला. “सर, आमच्या गावी नाटक आहे तेव्हा या,” एवढेच तो म्हणाला. ते नाटक मंगळवारी होते. मंगळवार तर मंगळवार. तिकिटांचे काय, हे आम्ही त्याच्या वडिलांना दूरध्वनीवर विचारले, तेव्हा पलीकडून उत्तर आले, “पाहुन्याले कोनी तिकीट पुसते का जी?”

दुसरा घोळ वेळेचा. नाटक किती वाजता सुरू होईल, यापेक्षा किती वाजता संपेल, ही आमची चिंता होती. कारण रात्री ब्रह्मपुरीला परतून झोपायचे असे आम्ही योजले होते. पत्रिकेवर रात्री साडेनऊ छापले होते. घरच्यांनी जेवणाचीच घाई केली नाही. भात, वरण, पोपटाच्या शेंगांची भाजी, वर तिखट रस्सा. आग्रह असा की घड्याळाकडे पाहणे अशिष्ट ठरावे. मध्येच आम्ही परतण्याचा विषय काढला. त्यावर त्या घरातल्या आजी म्हणाल्या, “आता कुठं जाता बाप्पा रातचे? सकारी जाजा.”

ही नुसती माया नव्हती. ब्रह्मपुरी-सिंदेवाही हा पट्टा वाघांचा आहे. माणसांवर हल्ले होतात आणि धानाच्या बांधीत, तेंदूपानाला गेलेली माणसे मरतात. रात्री-अपरात्री जंगलातल्या रस्त्याने कोणी विनाकारण फिरत नाही. तेव्हा आम्हांला वाटून गेले की, झाडीपट्टीचे नाटक उजाडेपर्यंत का चालते याचे कारण आम्ही उगाच नाट्यशास्त्रात शोधत होतो. पंचक्रोशीतली माणसे बंडी नाही तर रेंगी जुंपून आली आहेत, अंधारात परत जाणे शक्य नाही, त्यांना निजायला जागा नाही. मग रात्र भरून काढणे नाटकाचे काम. नाटक उजाडता संपते, कारण रस्ता उजाडता मोकळा होतो. हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण पाच अंकी पल्ला, मधली लांबलचक पदे, अंकाअंकांमधले नाच आणि विनोदी प्रवेशांची रेलचेल ही ‘सैल बांधणी’ म्हणून हिणवण्याआधी त्या रस्त्याचा विचार करावा, असे मात्र आम्ही आता वर्गात सांगू.

नाटक अकराच्या सुमारास उघडले. पुढे खुर्च्या, मागे जमिनीवर तणस पसरलेली आणि तीवर सतरंज्या, घोंगड्या, दुलया. आम्ही खुर्च्यांकडे निघालो होतो. घरच्या बायकांनी तणशीवर जागा धरली होती, तिथे आम्हांला ओढून नेले. थंडी अशी की तणशीची ऊब कळावी. पडदा गेला आणि ऑर्गनच्या सुरांबरोबर नांदी झाली. प्रेक्षकांत तान्ही मुले होती आणि ऐंशीच्या घरातली माणसे होती. कथानक आम्ही सांगत बसत नाही. दोन भाऊ, जमीन, शहरात शिकून आलेली सून, कर्ज, एक दुष्ट सावकार आणि एक भला वेडा. यातून जे निघायचे ते निघाले. पण एका जागी आम्ही चमकलो. कर्जाच्या प्रवेशात नायकाने बँकेच्या पायऱ्या झिजवण्याचे भाषण सुरू केले, तेव्हा आमच्या पुढ्यात बसलेला एक शेतकरी मोठ्याने म्हणाला, “खरं हाय.” नट क्षणभर थांबला, त्या दिशेने वळला आणि पुढचे वाक्य त्याला उद्देशून बोलला. प्रवेश मोडला नाही. उलट तिथून तो चढला. नवरगावच्या सदानंद बोरकरांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्येवरचे नाटक याच रंगभूमीवर आणले ते का पेलले गेले, याचा उलगडा त्या एका क्षणात झाला. हे लोक दुःख पाहायला आले नव्हते, ओळखायला आले होते.

पडद्याआडच्या सूत्रसंचालकाविषयी, म्हणजे प्रॉम्प्टरविषयी, लिहिल्यावाचून राहवत नाही. बाहेरची मंडळी त्याला हसतात. पण हंगामात रोज वेगळे गाव, आणि काही नटांना रोज वेगळे नाटकही. मुंबई-पुण्याकडची, मालिकांत दिसणारी नटमंडळी ऐन वेळी येऊन दाखल होतात. तालमीला दिवस नाहीत. अशा वेळी आडून वाक्ये पुरवणारा तो माणूस अख्खे नाटक वाहून नेत असतो. त्या रात्री त्याचा आवाज आम्हांला दोनदा ऐकू आला. प्रेक्षकांनाही आला, आणि कोणाला त्याचे काही वाटले नाही. चिनी कसरतीत खुर्चीवर खुर्ची रचताना एकदा हात सुटला तर सारा खेळ कोसळतो. म्हणून तिथे वर्षानुवर्षांची तालीम लागते आणि रोज तोच खेळ तसाच्या तसा करता येतो. इथे तोल सावरणारे हात अनेक आहेत: प्रॉम्प्टर, तबलजी, विनोदी नट, आणि ‘खरं हाय’ म्हणणारा प्रेक्षक. तालीम कमी असूनही नाटक पडत नाही ते यामुळे.

या सबंध रात्रीत आम्हांला सर्वांत अवघड गेले ते आमच्या विषयाचे दप्तर. मराठी रंगभूमीचा इतिहास आम्ही १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांपासून सुरू करतो, १८८० साली किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने तो वळण घेतो, पुढे देवल, खाडिलकर, गडकरी, मग बोलपट येतात आणि संगीत नाटक ओसरते. ‘ओसरते’ हे क्रियापद आम्ही वर्षानुवर्षे उच्चारत आलो. ते पुण्यामुंबईपुरते खरे असेल. वैनगंगेच्या खोऱ्यात पद, पडदा आणि ऑर्गन कधी ओसरलेच नाहीत. या वस्तुस्थितीला इतिहासग्रंथांनी बहुधा ‘अवशेष’ म्हणून बाजूला एक परिच्छेद दिला. अवशेष म्हटले की त्याचा काळ संपलेला असतो, तो फक्त पाहायचा असतो. म्हणजे आमचा इतिहासही इथे पर्यटक होऊनच आला. उभ्याउभ्या पाहून, एक छायाचित्र काढून परतला. प्रत्यक्षात ही रंगभूमी सारखी बदलते आहे. स्त्रीपार्टी गेले आणि नट्या आल्या, पौराणिकाची जागा कौटुंबिकाने घेतली, तबल्याशेजारी विजेची वाद्ये बसली, लावणी शिरली, सिनेमातले चेहरे शिरले. यातले सगळेच आम्हांला रुचले असे नाही. त्या रात्रीच्या दोन लावण्या नसत्या तरी चालले असते. पण आमच्या शेजारच्या आजींना त्या नसत्या तर चालले नसते, हेही आम्ही पाहिले.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. तुम्हांला रात्र गावाची राहावी असे वाटते, कारण तुम्ही एक रात्र येऊन जाता. नटाचे काय? हंगाम होळीपर्यंत, पुढे काय खायचे? २०२०च्या मार्चात टाळेबंदी लागली आणि पुढचा हंगामही गेला. त्या काळात मंडळ्यांची कार्यालये बंद राहिली आणि कलावंत मजुरीला गेले. चीनच्या पथकातल्या कसरतपटूला महिन्याचा पगार होता. इथे गाव पाहुणे बोलावत नाही त्या वर्षी नट उपाशी. गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांनी पाच हजारांवर प्रयोग केले आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीच्या वाट्याला आलेल्या या मानाने सारा मुलूख आनंदला. पण एका पद्मश्रीने शेकडो तबलजींचा पावसाळा निघत नाही. म्हणून, ताडोबाला येणाऱ्या पर्यटकांसाठी दीड तासाचे ‘झाडीपट्टी दर्शन’ सुरू करावे, असे कोणी सुचवले तर ते हसण्यावारी नेण्याचा अधिकार आम्हांला नाही. २०२२ साली तृषांत इंगळे यांच्या ‘झॉलिवूड’ या चित्रपटाने हे जग पडद्यावर आणले, तेव्हा शहरी प्रेक्षकाला कुतूहल आहे हे दिसलेच होते.

तरीही आम्ही त्या दीड तासाच्या बाजूने मत देणार नाही. कसरतीला शब्द नाहीत. ती गावातून उचलून प्रेक्षागृहात ठेवली तरी शरीराचा तोल तोच राहतो. झाडीपट्टीच्या नाटकातून रात्र, तणस आणि सोयरे काढून घेतले तर उरते ते एक बेताचे कौटुंबिक नाटक, आणि तसे पाहायचे तर ते इतरत्र अधिक सफाईने मिळते. शहरांतल्या महोत्सवांत झाडीपट्टीचे नाटक कापून सादर होते, तेव्हा समीक्षक भडकपणाबद्दल नाक मुरडतात. भडकपणा आहेच. पण तो शेवटच्या रांगेत तणशीवर अर्धवट निजलेल्या माणसाला जागे ठेवण्यासाठी आहे. पाचव्या रांगेतल्या गादीच्या खुर्चीवरून तो नुसताच भडक दिसतो. कलावंताचा पावसाळा निघावा यासाठी निवृत्तिवेतन, विमा, तालमीची जागा मागावी. नाटक कापून देऊ नये. हा आमचा कौल, आणि तो देताना आमच्या खिशाला काही पडत नाही याची जाणीव आम्हांला आहे.

पहाटे साडेपाचला नाटक संपले. दुष्टाला शासन झाले, भाऊ एक झाले. दुलया झटकल्या गेल्या, निजलेली पोरे खांद्यावर टाकली गेली. घरी चहा झाला. आजींनी धानाच्या नव्या तांदळाची एक लहानशी पिशवी आमच्या हाती दिली. पुढच्या वर्षीची तारीख आम्ही आधीच विचारून ठेवावी म्हटले, तर विद्यार्थ्याच्या वडिलांना हसू आले. अजून या वर्षीची मळणी व्हायची होती.

मूलकडून चंद्रपूरच्या वाटेला लागलो तेव्हा धुके होते. ताडोबाकडे वळणाऱ्या फाट्याजवळ समोरून दोन उघड्या जिप्सी आल्या. आत पर्यटक पांघरुणांत गुरफटून बसले होते, डोळे अर्धवट मिटलेले, वाघासाठी पहाटे चारला उठलेले. आम्हीही दुलयांत गुरफटलेले होतो आणि आमचेही डोळे मिटत होते. त्यांच्यापैकी एकाने आम्हांला हात केला, बहुधा आम्हीही गेटकडेच निघालो आहोत असे समजून. आम्ही हात हलवला आणि गाडी पुढे घेतली.